पिशवीला गुडघे नसतात

माझी पाळी आली आणि नेमकी तुमच्याकडे जेवायची वेळ झाली! रविवारी तिघांनी एकदम फोनवर यायचं, आधी धाकटीनं बोलायचं, मग थोरलीनं, आणि दादानं ऐकायचं, असं ठरलं होतं की नाही? तू तुझ्या देशाचे गोडवे गात बसलीस. मी इकडे मुकाट ऐकलं. (मुकाट म्हणजे मधूनमधून हं म्हटलं. ते हं कसलं होतं ते तुला कळलं असेलच.) आणि मी तोंड उघडते तोच तू म्हणालीस, अगं बाई, इथं सगळे ताटावर बसलेत, ठेवते. आणि ठेवलास! त्यावर दादा काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, "धाकटीचा देश बरा दिसतो." म्हणजे माझा देश परीक्षेला बसायच्या आधीच नापास. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, आणि तुमची दहा वेळा जेवणं झाली तरी पत्र तिथंच पडून राहतं.

आता रीत म्हणून. माझ्या धाकट्या, बडबड्या आणि हल्ली फारच सुखी झालेल्या बहिणीस थोरलीचे आशीर्वाद. (तू मागितले नाहीस, तरी देते. इकडे आशीर्वाद घ्यायला कुणी वाकत नाही, त्यामुळे साठा खूप आहे.) तुझं पोट कसं आहे? फोनवर ढेकर ऐकू आला, त्या अर्थी ठीक असावं. जावईबापूंची कवळी बसली का? की अजून खिशातच घालून हिंडतात? माझं विचारशील तर उजवा गुडघा वाजतो, डावा वाजत नाही पण दुखतो, बाकी मी ठणठणीत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सुनेच्या कामातल्या चुका लांबूनच दिसतात, जवळ जावं लागत नाही.

दादाचं तुला ठाऊकच आहे, पण पुन्हा लिहिते, कारण तू फोनवर त्याच्या पडण्यापेक्षा तुमच्या बागेतल्या बदकांवर जास्त बोललीस. तो न्हाणीघरात घसरला आणि शेजारणीनं दार तोडून त्याला बाहेर काढेपर्यंत ओल्या फरशीवर पडून होता. आता डॉक्टरांनी सांगितलंय, एकट्यानं राहायचं नाही आणि जिने चढायचे नाहीत. राहिल्या कोण, तर आपण दोघी. तू तुझ्या मुलाच्या मागं एका देशात गेलीस, मी माझ्या मुलाच्या मागं दुसऱ्या. दादाला एकीकडे तरी जायलाच हवं. पण सरळ जाईल तो दादा कसला! म्हणाला, दोघींनी आपापल्या देशात कसं काय आहे ते खरं खरं सांगा, जिथं जास्त सुख तिथं मी येतो. म्हणजे आयुष्यभर भाजीवाल्यापाशी केलं तेच, आधी दाबून बघायचं. आता हे दोन्ही देश मुलांनी निवडले, आपण नुसत्या सामानाबरोबर आलो. पण म्हणून आपल्या देशाला कुणी कमी लेखलेलं मी ऐकून घेईन असं नाही.

तर तुझ्या बढाया एकेक घेते. तू म्हणालीस, तुमच्याकडे धूळ नाही. धूळ नाही तर दिवसभर करतेस काय? इकडे अंगाला लागेल इतकीच धूळ आहे. सकाळी पुसली की संध्याकाळपर्यंत पुन्हा बसते, माणसाला उद्या उठायला कारण राहतं. तू म्हणालीस, तुमच्याकडे कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही. याला तू सुख म्हणतेस? मला तर कुणी अशी शिक्षा दिली असती तर मी गुन्हा विचारला असता. आमच्या खालच्या मजल्यावरचा म्हातारा रोज दारात उभा राहून माझ्या पिशवीत काय आहे ते वाकून बघतो. त्याची भाषा मला येत नाही आणि माझी त्याला येत नाही, पण कोबी महाग आणला हे तो मला नुसत्या भुवयांनी सांगतो. असा शेजार तुझ्या त्या गुळगुळीत देशात मिळेल का?

आणि तुमची बस तुझ्यासाठी वाकते म्हणे. फुस्स करते, एका अंगानं खाली बसते आणि तुला आत घेते. बरं. आमची बस ताठ आहे, वाकत नाही. पण ड्रायव्हर खाली उतरतो, माझ्या काखेत हात घालतो आणि मला आत ठेवतो. पहिल्यांदा मी त्याला छत्री मारली, कारण न सांगता सवरता कुणी असा काखेत हात घालत नाही. दुसऱ्यांदा त्यानं आधी छत्री काढून घेतली आणि मग मला उचललं. आता तुझ्या बसला एवढी अक्कल आहे का सांग.

राहता राहिलं तुमचं घर. त्याला म्हणे पायरीच नाही. बागेतून सरळ खोलीत, खोलीतून सरळ न्हाणीघरात, मधे उंबरासुद्धा नाही. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, असं तर गुरांसाठी बांधतात. माणूस म्हणजे थोडं चढायला नको? आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत. इथली हवा खालच्यांनी वापरलेली नसते. शिवाय आमच्याकडे लिफ्ट आहे. (चालू असते असं मी म्हटलेलं नाही.) जिन्यानं जाताना प्रत्येक मजल्यावर कुणाकडे काय करपलंय ते नाकाला कळतं, वर पोचेपर्यंत अख्ख्या इमारतीची खबर मिळते. लिफ्टमधून ती मिळते का?

पण हे सगळं किरकोळ आहे. खरी गोष्ट आता सांगते, आणि ही वाचताना बसून घे. (तुमच्याकडे वाकणारी खुर्चीही असेल.)

गेल्या महिन्यात मला एका सरकारी ऑफिसात जायचं होतं. काय काम होतं ते तुला कशाला हवं? काम होतं. मुलगा म्हणाला, मी रजा काढून येतो. मी म्हटलं, तू कामावर जा, तुझ्याबरोबर गेलं की सगळे तुझ्याशीच बोलतात आणि मी पार्सलासारखी शेजारी उभी राहते. सुनेनं काय बोलायचं ते त्यांच्या भाषेत कागदावर लिहून दिलं आणि मी एकटी निघाले. ऑफिस उघडायच्या आधीच बाहेर रांग होती. आणि रांग तरी कशी! माणसं हातभर अंतर सोडून उभी, कुणी कुणाकडे बघत नाही, कुणी विचारत नाही की तुमचं काय अडलंय. जसे काही सगळे एकाच मयताला आलेत, पण मयत कुणाच्या ओळखीचा नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. मग उजवा गुडघा वाजायला लागला, आणि पुढचा माणूस आपलाच फोन वाजला म्हणून खिसे चाचपायला लागला.

समोर रस्त्यापलीकडे उन्हात एक बुटका कठडा होता. आता तू सांग, आपण अशा वेळी काय करतो? मी केलं ते कुणीही शहाण्या माणसानं केलं असतं. पिशवी रांगेत ठेवली, माझ्या जागेवर, नीट तोंड बांधून, आणि जाऊन कठड्यावर बसले. तुला आठवतंय ना, आपण लहान असताना रॉकेलच्या रांगेत दादा काय करायचा? स्वतः उभा राहायचा आणि आपल्या दोघींच्या नावानं दोन दगड ठेवायचा. आपण खेळायला मोकळ्या. रांग सरकली की दादा पायानं आपले दगड सरकवायचा. गावात कुणाची छाती झाली नाही ते दगड ओलांडायची. तेव्हा जे दगडाला जमलं ते माझ्या पिशवीला का जमू नये?

पिशवी तुला माहीत आहे, जुन्या पडद्याची, मीच शिवलेली. आत पाण्याची बाटली, गुडघ्याची पट्टी, एक सफरचंद, आणि दादानं आपल्याला निघताना दिलेलं गजराचं घड्याळ. (तुझं तू माळ्यावर टाकलं असशील. माझं मी गोळ्यांच्या वेळेसाठी बरोबर बाळगते. फोनचा गजर फार गोड वाजतो, त्यानं जाग येत नाही, आणखी झोप येते.) ते घड्याळ कसं चालतं ते तुला ठाऊक आहे. कुणी दगड फोडतंय असं वाटतं.

तर मी उन्हात बसले आहे, गुडघा शेकते आहे, आणि बघते तो माझ्या मागचा माणूस पिशवीकडे बघतोय. मग तो वाकला, कान लावला, आणि दोन पावलं मागं सरकला. मला वाटलं, जागेचा मान राखतोय. मग त्याच्या मागची बाई सरकली. मग सगळी रांगच सरकली. मग टोपीवाला रखवालदार बाहेर आला, त्यानंही वाकून ऐकलं, आणि मोठ्यानं काहीतरी ओरडला. आणि धाकटे, लोक पांगले! ऑफिसातलेही बाहेर आले, कोपऱ्यावरचा केस कापणारा अर्ध्या गिऱ्हाइकासकट बाहेर आला. रस्ता मोकळा, दार मोकळं, दारात फक्त माझी पिशवी.

मी मनात म्हटलं, चला, माझा नंबर लागला.

रांग मोडली की पुढं घुसायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सगळं गाव एका बाजूला पळतंय आणि मी एकटी गुडघे वाजवत दुसऱ्या बाजूनं दाराकडे चालले आहे. रखवालदार हात हलवून ओरडत होता. मी त्याला हात हलवून दाखवला, म्हटलं, येते येते, ओरडू नकोस, तुमचं दार काही उडून जात नाही. (हे मी आपल्या भाषेत म्हटलं ते बरं झालं असं सून म्हणते.) मी पिशवी उचलली आणि त्याच क्षणी गोळीची वेळ झाली.

तो गजर तू ऐकला आहेस. बाकीच्यांनी पहिल्यांदाच ऐकला. रखवालदार टोपीसकट जमिनीवर पालथा! एवढा धिप्पाड गडी, मला वाटलं त्याला फीट आली. मी घड्याळ बाहेर काढलं, दादानं शिकवलाय तसा त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, ते गप्प झालं, आणि मी गोळी घेतली. मग बाटलीतलं उरलेलं पाणी रखवालदाराच्या तोंडावर मारलं. त्यानं डोळे उघडून आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोघांपैकी जास्त भीती माझीच वाटली असं त्याच्या तोंडावर दिसलं.

मग जे व्हायचं ते झालं. पोलीस आले. मुलाला कामावरून बोलावलं. तो आला तो असा लाल की वाटलं यालाच आधी गोळी द्यावी. पाठोपाठ सून आली, तिला हसू आवरत नव्हतं. (ही मुलगी मला हल्ली आवडायला लागली आहे, तिला कळवू नकोस.) ऑफिसातली मोठी साहेबीण बाहेर आली. उंच, चष्मेवाली, भांग असा सरळ की पट्टी ठेवून पाडलाय. मला खुर्ची दिली. सुनेकडून विचारलं, पिशवी टाकून का गेलात? मी म्हटलं, टाकून कुठं? ती माझ्या वतीनं रांगेत उभी होती. साहेबीण म्हणाली, पण रांगेत माणसानं उभं राहायचं असतं. मी म्हटलं, "मला गुडघे आहेत. पिशवीला गुडघे नसतात."

सुनेनं हे त्यांच्या भाषेत सांगितलं. साहेबिणीनं बाहेर बघितलं. घोळका अजून तिथंच होता, घाबरून एकमेकांना चिकटलेला, आणि जी माणसं सकाळी हातभर अंतर सोडून उभी होती ती आता दंड धरून बोलत होती. एक म्हातारी एका अनोळखी पोराला आपली काठी दाखवत होती. पोलिसांनी मला दम दिला, तो मी ऐकून घेतला. मुलानं पुन्हा पुन्हा माफी मागितली, ती मी मागू दिली. आणि बाहेर सगळे खोळंबलेले असल्यामुळे माझं काम पहिलं झालं!

थांब, अजून संपलं नाही. पंधरवड्यानं सून त्या बाजूला गेली होती, ती धावत घरी आली आणि मला ओढत घेऊन गेली. बघते तर काय! ऑफिसाच्या बाहेर भिंतीला लांबलचक लाकडी फळी ठोकलेली. फळीवर पिशव्या ओळीनं, एकामागं एक. रांग पुढं गेली की पिशव्या सरकतात. रखवालदार सरकवतो, स्वतःच्या हातानं, पण आधी प्रत्येकीला कान लावतो. आणि समोर उन्हात बाकं टाकलेली, त्यावर माणसं बसलेली, गप्पा मारताहेत, एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी करताहेत. फळीच्या वर पाटी लावली आहे. मला वाचता येईना. सुनेनं वाचून दाखवली. पाटीवर लिहिलंय, पिशवीला गुडघे नसतात!

रखवालदारानं मला ओळखलं आणि टोपी काढली. (दोन पावलं मागं सरकून काढली, पण काढली.) त्यानं बाकावरच्या लोकांना काहीतरी सांगितलं, आणि धाकटे, बसलेले सगळे माझ्यासाठी उठून उभे राहिले. मी म्हटलं, बसा बसा, एवढ्यासाठीच तर मी हे केलं.

तर आता बोल. चौथीत शाळा सोडलेल्या बाईनं एका अख्ख्या देशाला बसायला शिकवलं. तुझ्या देशात तुझ्या नावावर काय आहे? वाकणारी बस? ती तू नसतीस तरी वाकली असती. सुख म्हणजे सगळं आयतं मिळणं नव्हे. तुझा देश तुझ्या येण्याआधी जेवढा बरा होता तेवढाच अजून आहे. माझा देश माझ्या येण्यानं सुधारला. यापुढं वाद नको.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जे लागू पडेल ते. बदकांना काही नाही.

तुझी थोरली

ता.क. दादाला मी सांगितलं की तुझा देश बरा आहे. काल सकाळी फोन करून सांगितलं. तू रविवारी मारल्या होत्यास ना बढाया, त्या सगळ्या मी त्याला परत ऐकवल्या, बसपासून बदकांपर्यंत, वर माझ्या पदरच्या दोन घातल्या. त्यानं विचारलं, आणि तुझ्या देशाचं काय? मी म्हटलं, धूळ फार आणि शेजारी आगाऊ. तो तुझ्याकडे येतोय, भाच्यानं तिकीट काढलं आहे. आता बस आनंदात! तो जागेपणी पेपर मोठ्यानं वाचतो आणि झोपेत त्याहून मोठ्यानं घोरतो. साबण त्याला स्वतःचा वेगळा लागतो आणि दुसऱ्यानं हात लावलेला चालत नाही. जावईबापूंना म्हणावं, कवळी खिशातच ठेवा, दादा पाणी प्यायचा पेला बघून घेत नाही.

ता.क. दुसरा. तू विचारणारच, म्हणून त्या ऑफिसात काय काम होतं ते लिहून टाकते. ते घरं देणारं ऑफिस आहे. मला तळमजल्यावरची जागा हवी होती. आमचे चार मजले आहेत आणि लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस मेलेली असते. मुलगा म्हणाला, मामाला मी पाठीवर घेऊन चढवीन. दादा कुणाच्या पाठीवर बसेल का? तो मग खाली उतरणारच नाही, मरेपर्यंत खिडकीत बसेल आणि म्हणेल मला बाहेर जायचंच नव्हतं. साहेबिणीनं मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि सांगितलं की तळमजला मिळेल, पण बरीच वर्षं लागतील. फार गोड बोलून सांगितलं. तिचं नाही म्हणणंसुद्धा तुमच्या देशाच्या हो म्हणण्यापेक्षा चांगलं होतं. पण नाही ते नाहीच. पिशवीनं माझी जागा धरली, दादाची धरता आली नाही. तेव्हा बाकी सगळ्यांत माझा देश वर, पायरीत तुझा. पायरीपुरताच! हे कुणाला दाखवू नकोस.

ता.क. शेवटचा. तुझी ती न्हाणीघरापर्यंत सपाट असलेली खोली दादाला द्यायची. पाहुण्यांची लहान खोली नव्हे, ती. भिंतीला धरायला दांडा ठोकून घे, आणि फरशीवर पाणी राहता कामा नये. माळ्यावरचं घड्याळ काढून, पुसून, चावी देऊन त्याच्या उशाशी ठेव. तू ते कधी टाकलंच नव्हतंस असं सांग, खोटं बोलायची तुला सवय आहे. तुझ्या बाकीच्या बढाया खोट्या निघाल्या तरी मला चालतील. बस वाकली नाही तरी चालेल, बदकं मेली तरी चालतील. ही एवढी एकच खरी निघू दे.

आणि या पत्राचं उत्तर दादानं लिहायचं. आल्यावर, तुझ्या बागेत बसून, स्वतःच्या हातानं, पायरी आहे की नाही ते. तू पेनाला हात लावायचा नाहीस.